पाणबुडी खाली जाताना केलेला इंटरव्हल

"ऑपरेटर, बल्ब गेलो रे." शनिवारच्या मॅटिनीला खालून ओरडा आला.

बल्ब गेला नव्हता. पडद्यावर पाणबुडी परग्रहाच्या समुद्रात खाली चालली होती, आणि तिथे अंधारच होता. दहा मिनिटांत अर्धं थिएटर उठून गेलं.

मी कणकवलीच्या एका थिएटरात प्रोजेक्शन बघते. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर एलईडी मासेमारीविरुद्ध पत्रकं वाटते. समुद्रात प्रखर दिवे सोडायचे, उजेडाला आलेलं लहानमोठं सगळं ओरबाडायचं, याला मी धंदा म्हणत नाही. चोरी म्हणते.

म्हणून हा पिक्चर, नुसती गोष्ट वाचून, मी मालकांशी भांडून आणला होता. सगळा पाण्याचाच एक ग्रह. माणसं तळाशी उतरतात, दिवा लावतात. समोरच्या काळोखातले जीव उजेडाने उत्तर देतात. निळा, सोनेरी, पडदा भरून उजेड. मी प्रोजेक्शन रूमच्या काचेला नाक लावून बघत बसले. मग कळतं की उत्तर देणारा प्रत्येक जीव विझून मरतो आहे. बघायचं तर मारावं लागतं. दिवा ठेवायचा की मालवायचा?

मालवण, देवगडच्या मच्छीमारांना मी फोन करकरून बोलावलं होतं. हा प्रश्न त्यांनी बघावा, एवढ्यासाठी. आणि ते नेमके त्याच्या आधीच उठत होते.

मालक अण्णा वर आले. "बाये, उद्यापण लोक उठले तर सोमवारपासून दुसरो पिक्चर."

"अण्णा, लोकांका विचार करूक नको."

"आधी लोकांका दिसाक व्हया. विचार मगे."

मी चिडले. चिडले की मी लिहिते. तिकीट खिडकीवर कागद चिकटवला: 'डोक्याला ताण पडताच पळणाऱ्यांनी तिकीट काढू नये.' लिहून बरं वाटलं.

रविवारी सकाळी मालवणचे पास्कूकाका आले. जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस. कागद वाचून ते सरळ जिना चढून वर आले.

"ह्यां तू लिवलंस?"

"होय."

"काल मी पण उठलंय. माका डोक्या नाय काय गो?"

"मगे उठलात कित्याक?"

"इंटरव्हलात चाय पिऊन उन्हातसून आत इलंय. पडदो काळो. शेजारच्याचो पाय तुडवलंय. तो पण म्हणता बल्ब गेलो. गो, उजेडातसून इंजिनरूममध्ये उतारल्यार डोळ्यांका वेळ लागता. दिवे लावन बसणाऱ्या बाईक तेवढा ठाऊक नाय?"

"आणि आज परत कशाक इलात?"

"त्या बोटीचा पुढे काय झाला, तां बघूक."

चूक माझी होती. हिंदी पिक्चरमध्ये इंटरव्हल बनवणाऱ्यांनीच टाकलेला असतो. परदेशी पिक्चरमध्ये तो नसतो, आम्ही टाकतो. पिक्चर हार्डडिस्कवर येतो, सर्व्हरमध्ये चढवायचा, आणि कितव्या मिनिटाला चित्र थांबून हॉलचे दिवे लागतील ते भरायचं. आमच्याकडची पद्धत म्हणजे एकूण वेळ भागिले दोन. पिक्चर न बघताच मी तो आकडा भरला होता.

बरोबर मध्यावर पाणबुडी खाली चाललेली असते. पाणी आधी हिरवं, मग निळं, मग काळं. हे इतकं सावकाश होतं की डोळे अंधाराला सरावत जातात. मी मधेच दिवे लावून सगळ्यांना चहाला पाठवत होते आणि परत आणून थेट काळोखात बसवत होते.

कागद काढला. इंटरव्हल बारा मिनिटं अलीकडे घेतला, पाणबुडी पाण्यावरच असते तिथे.

अण्णा म्हणाले, "तेवढ्यात कॅन्टीनचे वडे कढईतच आसतले."

"मगे आज लवकर तळूक सांगा."

"तू सांग. माका त्याची बोलणी खाऊची नाय."

कॅन्टीनवाल्याची बोलणी मी खाल्ली. वडे वेळेवर आले.

मॅटिनीला लोक चहा पिऊन आत आले तेव्हा पडद्यावर भर दुपार होती. सगळ्यांना आपापल्या खुर्च्या दिसल्या. मग पाणबुडी बुडाली. एकही ओरडा नाही. तळाशी उजेड फुटला तेव्हा पुढच्या रांगांतले चेहरे निळे झाले, आणि मी पडद्याऐवजी तेच बघत राहिले.

शेवटी दिवा मालवला की नाही, ते पिक्चर सांगत नाही. मी खाली उतरले तेव्हा दोन मच्छीमार खुर्चीखाली चप्पल शोधत भांडत होते.

"दिवो मालवूकच व्हयो होतो."

"आणि मगे काळोखातसून वर खंयच्या वाटेन येतलस?"

माझ्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी मधे पडले नाही.

पिक्चर गुरुवारपर्यंत राहिला. लोक का उठले हे उठणाऱ्यांनाच विचारायचं असतं. मला ते विचारावंही लागलं नाही, एक जण स्वतःच जिना चढून सांगायला आला. सगळे येत नाहीत.