किल्ली कुलपालाच

आमच्या औषधाच्या कारखान्यातून माल रोज बाहेर जातो, किस्से मात्र आतच साठतात. नगरच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीशिवाय त्यांना गिऱ्हाईक नाही.

हे किस्से पॅकिंग लाईनवरच्या पायलटच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या चाचणीच्या वेळचे. प्रत्येक खोक्यावर वेगळा नंबर छापायचा, कॅमेऱ्यानं तो वाचायचा, चुकीचं खोकं खालच्या पेटीत पाडायचं. ग्राहक कंपनीचा माणूस हे बघायला येणार होता. नापास झालो तर लाईन दुसऱ्या प्लांटला जाणार आणि मंदाताईंसकट पॅकिंगच्या सगळ्या बायका घरी बसणार. भिंगारचं मंदाताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. लाईनची जबाबदारी माझी होती.

*

साहेबांनी पायलटची तारीख काढली, ती नेमकी शनी अमावास्येची. आमचा ऑपरेटर बापू शनिशिंगणापूरचा. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या दिवशी लाईनवर तुमी आन् कॅमेरा, दोघंच असाल."

तारीख बदलली.

*

पहिल्या चाचणीत झाडून सगळी खोकी पेटीत पडली. सॉफ्टवेअरवाल्याला पुण्याहून बोलावलं, मी त्याच्यावर नको तितका ओरडलो. शेवटी दिसलं, मंदाताई प्रत्येक खोकं कॅमेऱ्याआधी बाहीनं पुसत होत्या. शाई ओली, नंबरांचा नुसता फराटा.

"पाहुणे येनार, मग खोकी नीटनेटकी नकोत व्हय?" म्हणाल्या. मग समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझीच नोकरी मी पुसत हुते."

*

पेटीला कुलूप लावायचा नियम आहे, नाहीतर कुणीही पडलेलं खोकं परत लाईनवर ठेवील. बापूच्या गावात घरांना दारंच नाहीत, कुलूप कुठलं! रोज सांगायचो, रोज पेटी उघडी. शेवटी साहेब कडाडले, "उद्या कुलूप दिसलं नाही तर तू गेटबाहेर."

"लावतो," बापू म्हणाला. "पन शनिदेवाला तुमीच सांगा."

*

पायलटच्या दिवशी पाहुण्यानं मुद्दाम एकाच नंबरची दोन खोकी सोडली. दुसरं बरोब्बर पेटीत पडलं. पेटीला कुलूपही होतं. आम्ही श्वास सोडला. तो पेटीपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. किल्ली कुलपालाच लटकत होती.

साहेब पांढरे पडले. मंदाताईंनी डोळे मिटले.

"हे काय?" पाहुण्यानं विचारलं.

"कुलूप लावलंय की," बापू म्हणाला. "आता किल्लीबी लपवू व्हय?"

"गाव कुठलं तुमचं?"

"शिंगणापूर."

पाहुण्यानं पेटी उघडून खोकं तपासलं, परत कुलूप लावलं, किल्ली काढली आणि मंदाताईंकडं वळला.

"तुमच्या घराला दार आहे?"

"हाय की. कुलूपबी हाय."

"मग ही तुमच्याकडं ठेवा. सोमवारपासून लाईन चालू करा."