सतराव्या रोपाची उंची

हरभऱ्याच्या पानांवरचे दहिवर आंबट असते, ही गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, चौथीच्या मुलांची नखे तपासताना कळली. मार्गशीर्षातली थंडी होती. सायखेड्याच्या अलीकडे, जिथे माझी शाळा आहे, तिथे त्या दिवसांत नदीवरून उठलेले धुके शाळेच्या पत्र्यावर बराच वेळ बसून राहते आणि ऊन खाली उतरते ते फार उशिरा, पाणी घातलेल्या दुधासारखे पातळ होऊन. मुले हात पुढे करून रांगेत उभी होती आणि प्रत्येक हाताला एक ओला, हिरवा, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा आंबट वास येत होता. नखांच्या कडा हिरवट काळ्या. वहीतल्या ‘वैयक्तिक स्वच्छता’ या रकान्यात मी एकामागून एक तेवीस फुल्या मारल्या. चोविसाव्या हाताची नखे मात्र स्वच्छ होती. तो हात कार्तिकीचा होता, आणि तपासून झाल्यावरही तिने तो बराच वेळ तसाच पुढे धरून ठेवला होता.

मी याद्यांवर चालणारी बाई आहे, हे आधीच सांगितलेले बरे. एक यादी फ्रिजवर, एक पर्समध्ये, वर्गाच्या भिंतीवर चार. नाशिकरोडहून रोज स्कूटीवर इतके अंतर यायचे, दोन वर्ग सांभाळायचे, कधी जंतनाशक गोळ्या, कधी वजन-उंची, कधी हात धुण्याचा दिवस, आणि या प्रत्येकाचा फोटो दुपारी बाराच्या आत ग्रुपवर टाकायचा, हे सगळे डोक्यात ठेवायला डोके पुरत नाही. हात धुण्याच्या दिवशी मुलांचे हात धुऊन झाले आणि मोबाइलची बॅटरी संपलेली निघाली, तेव्हा चार्जिंग झाल्यावर तेच हात पुन्हा धुवायला लावलेली बाईही मीच. वैताग हा माझ्या नोकरीचा कायमचा सोबती आहे. त्याचीही यादी करता येईल, पण तेवढा कागद नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परसबागेचा आदेश आला. चौथीच्या वाट्याला मी हरभरा दिला, कारण पाठ्यपुस्तकात बी रुजण्याचा धडा होता आणि हरभरा लवकर उगवतो एवढे मला ठाऊक होते. चोवीस मुले, चोवीस रोपे, प्रत्येक रोपाजवळ हजेरी क्रमांक लिहिलेली आइस्क्रीमची काडी. भिंतीवर नियम लावले. एक, रोज पाणी घालायचे. दोन, तण दिसले की उपटायचे. तीन, दर शनिवारी पट्टीने उंची मोजायची. चार, रोपाला हात लावायचा नाही. पहिला नियम वाचून वर्ग एकमेकांकडे बघून हसला, आणि आमच्याकडे मुलांचा पोषण आहार शिजवणाऱ्या मंगलताई दारातून म्हणाल्या, हरभऱ्याला कशाला रोज पाणी, मॅडम, तो दहिवर पितो. मी तो नियम खोडला. तेव्हापासून दोनपासून सुरू होणारी ती यादी रोज माझ्या डोळ्यांत खुपत असे, पण नवा कागद लिहायला वेळ मिळाला नाही.

नियमांच्या शेजारी तक्ता होता. मोठ्या अक्षरांत ‘आमची वाढ’, आणि खाली प्रत्येक रोपाच्या नावाची हिरव्या कागदाची पट्टी. रोप जेवढे वाढेल तेवढी पट्टी वर चिकटवायची. आकडे, आलेख, विज्ञान, कार्यानुभव, एका कागदात चार विषय बसत होते आणि मला त्याचा अभिमान होता. कार्तिकीची पट्टी सतरावी. वर्गात तीच सर्वांत बुटकी. आरोग्य तपासणीला भिंतीशी उभी केली की ती टाचा उचलते, आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबते, हे दर सहा महिन्यांनी घडते. तिचे रोप मात्र सुरुवातीपासून पहिल्या चारांत होते. मधल्या सुट्टीत ती तक्त्यासमोर उभी राहून आपल्या पट्टीपेक्षा उंच असलेल्या तीन पट्ट्या बोटाने मोजायची. तिला पहिले यायचे होते. तिने तसे कधी म्हटले नाही, पण वर्गातल्या सगळ्यांना ते माहीत होते.

तर त्या शनिवारी मी वाफ्याशी गेले. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी निफाडला प्रशिक्षणाला होते. विषय कृतीतून शिक्षण. पडदे लावलेल्या सभागृहात सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही खुर्चीतून न हलता कृतीतून शिक्षण कसे द्यायचे ते भिंतीवर पाहिले. तेवढ्या एका दिवसात वर्गात काहीतरी ठरले होते आणि शनिवारी मी पोहोचण्याआधी, पाने ओली असतानाच, ते उरकूनही टाकले होते. तेवीस रोपांचे शेंडे नव्हते. प्रत्येक रोप वरून नीट चिमटीने खुडलेले, आणि मधोमध सतरावे, एकटे, अखंड.

“शेंडे कुठे गेले?” मी विचारले.

“खुडले, मॅडम,” सार्थक म्हणाला. हात धुतले, असे सांगावे त्या सुरात. “खुडल्याबिगर पसरत नाय तो. नुसता उंच जातो.”

स्वयंपाकाच्या खोलीतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मंगलताईंच्या कढईत चौथीचा आलेख शिजत होता. मी दारात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी उलथने हातात धरूनच सांगितले की महिन्याचा झाला की खुडायचाच असतो, पोरांना घरी सगळ्यांना येतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरवला. “मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय, मॅडम.”

मला ठाऊक नव्हते. दर हिवाळ्यात रजा असेल त्या बुधवारी मी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जाते, फडक्यावर मांडलेली हरभऱ्याची भाजी घेते, घरी नेऊन निवडते, डाळीचे पीठ पेरून करते. त्या भाजीत निव्वळ शेंडेच असतात, हे माझ्या बोटांना वीस वर्षे माहीत होते. ते शेंडे कुठल्या तरी रोपावरून आले असणार आणि ते रोप मागे शेतात काहीतरी करत असणार, हा विचार मात्र कधी शिवला नव्हता. पण हे सगळे नंतरचे. त्या सकाळी मला दिसत होता तो बुधवारी येणारा परसबाग समितीचा दौरा. मी तेवीस हिरव्या पट्ट्या कात्रीने कापून लहान केल्या, वाढीचा आलेख खाली आणणारी तालुक्यातली पहिली शिक्षिका झाले, आणि कार्तिकीला सगळ्यांसमोर उभे केले. मी नसताना ती हात पाठीमागे बांधून वाफ्याच्या कडेला थांबली होती, सगळ्यांनी चिडवले तरी हलली नव्हती, असे मला कळले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “नियम पाळणाऱ्याचं असं होतं. बघा, कोण पहिलं आलं.” तिचे कान लाल झाले. तिने टाचा उचलल्या नव्हत्या, आणि तरीही ती उंच दिसत होती.

समितीला घाई होती. तिघेजण आले, तक्त्याकडे पाहिले, त्यांतल्या वयस्कर साहेबांनी एकदम खाली आलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवले, आणि मी काही जुळवायच्या आत वर्गाने एका सुरात सांगितले, खुडला. साहेब हसले, भाजी केली का म्हणून विचारले, आणि फोटोला मात्र उभे राहिले ते सतराव्या रोपाशी, कारण फोटोत तेच दिसत होते. कार्तिकी एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला, मध्ये ते सरळ हिरवे रोप. तो फोटो बाराच्या आत ग्रुपवर गेला. कामांच्या यादीतल्या त्या ओळीवर मी बरोबरची खूण केली, आणि मला, खरे सांगायचे तर, पोटभर बरे वाटले.

त्यानंतर मी उंची मोजत राहिले आणि रोपे पसरत राहिली. खुडलेल्या प्रत्येक जागी दोन-दोन, तीन-तीन फुटवे आले, रोपांनी शेजारच्या काड्या झाकल्या, संक्रांतीच्या सुमाराला वाफा गोधडीसारखा भरून गेला आणि त्यात बारीक गुलाबी-जांभळी फुले दिसू लागली. माझ्या तक्त्यावर यातले काहीच नव्हते. तक्त्यावर सतरावी पट्टी ‘आमची वाढ’ या अक्षरांपर्यंत पोहोचली होती. बाहेर वाफ्यात ते रोप एका दांड्यावर उभे होते, बारीक, दोन-चार फुलांचे, वारा आला की पहिले तेच वाकायचे. कार्तिकीने तक्त्यासमोर उभे राहणे कधी सोडले, हे माझ्या कुठल्याच वहीत नाही.

एका शनिवारी मोजणी चालू असताना कोणीतरी तिच्या रोपाला लांबुडके म्हटले. सार्थकने त्याला गप्प केले. “चिडवू नको तिला,” तो म्हणाला, “तिनं मॅडमचं ऐकलं म्हणून झालं तसं.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाऊस नाही म्हणून कांदा लहान राहिला, असे सांगतात तसे त्याने ते सांगितले होते. मी वहीतून वर पाहिले नाही. आकडा लिहायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लिहीत राहिले.

सुट्टी झाल्यावर मुले पांगली आणि कार्तिकी वाफ्याशीच राहिली. दप्तर पाठीवर, हात अजून मागे बांधलेले.

“मॅडम, आता खुडू का?”

मी तिथूनच मंगलताईंना हाक मारून विचारले. त्या भांडी घासत होत्या. आता फुलावर आलंय, आता नाय चालत, एवढे म्हणून त्यांनी नळ बंद केला.

वर्गात चूक झाली तर ती खोडून शेजारी बरोबर लिहा, असे मी मुलांना सांगते. इथे शेजारी जागा नव्हती. मी कार्तिकीजवळ बसले. गुडघे कुरकुरले, साडीला माती लागली, आणि मी म्हणाले की मी तुला चुकीचं सांगितलं होतं, मला हरभऱ्याचं काही माहीत नव्हतं. तिने ते ऐकून घेतले. मग रोपाजवळ पहिल्यांदाच हात नेऊन तिने दोन बोटांनी तो दांडा सरळ केला, सोडला, आणि तो पुन्हा कलला.

“मग ह्याला काठी लावू?” तिने विचारले.

आसपास काठी दिसेना. माझ्या हातात मोजायची लाकडी पट्टी होती, शाळेतली ती एकच लांब पट्टी, कडांवरचे आकडे वर्षानुवर्षांच्या बोटांनी पुसट झालेली. मी ती रोपालगत मातीत खोचली. कार्तिकीने केसांची लाल रिबीन सोडून, फार आवळणार नाही अशा बेताने, दोन ठिकाणी बांधली आणि बोटे नाकाशी नेऊन वास घेतला. मीही घेतला. आंबट होता.

पुढच्या शनिवारी उंचीची वही घेऊन मी वर्गातून निघाले, आणि मुले रांगेने मागोमाग आली, नेहमीसारखी. वाफ्याशी पोहोचल्यावर आम्ही थांबलो. पट्टी सतराव्या रोपाला टेकवलेली होती, दोन फुलांच्या जागी दोन हिरवे घाटे धरले होते, आणि ती तिथून काढा असे मला कोणी म्हणाले नाही. मी वही मिटली. मुले वाफ्याभोवती बसली, आणि मी, पुढे काय करायचे याची यादी हातात नसताना, त्यांच्यात बसायला जागा शोधू लागले.