शैलाची टाच

तुम्हाला म्हणून सांगते — म्हणजे, याआधी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच नाही. एकदा तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बारीक करायला उठले. उठले ती उठलेच.

शैला माझी धाकटी बहीण. आमच्या दोघींत तीन वर्षांचं अंतर. आमच्या बाबांचं सोलापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी दहावीत असताना एका दुपारी, चाक बसवता बसवता, ते जागच्या जागी गेले. हार्ट अटॅक. वय जाण्याचं नव्हतं — चाळिशी नुकतीच ओलांडलेली. अंगानं काटक, साधी सुपारीही न खाणारा माणूस. त्यांच्या पापण्यांपाशी पिवळसर डाग होते, आणि टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेवर, टणक फुगवटा. चपलेनं घट्टा पडलाय, असं आम्ही समजायचो. कुणाला काय ठाऊक होतं?

मी बाबांसारखी दिसते असं सगळे म्हणायचे. मला त्याचा केवढा तोरा होता! शैला आईवर गेलेली. गोरी, नाजूक. तेव्हा ती रडायची, मी का नाही बाबांसारखी म्हणून.

पस्तिशीत माझ्या डोळ्यांखाली तसेच डाग उमटले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. फीच्या खिडकीवर मुली माझ्याशी बोलताना डोळ्यांऐवजी डोळ्यांखाली बघायच्या. मला वाटलं, कातडीचं काहीतरी असेल. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, कोलेस्टेरॉलचा आकडा बघून पुन्हा तपासायला लावलं. मग बाबांचं विचारलं. मला पाय वर घ्यायला सांगून टाचेची शीर चिमटीत धरून बघितली. म्हणाले, "हे तुमच्या खाण्यापिण्यामुळं नाही. वडलांकडून आलंय. गोळी आता कायमची." मी निघाले, दारापर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी हाक मारली. "भावंडं आहेत? त्यांना तपासून घ्यायला सांगा. बारीक असली तरी सांगा."

मी हो म्हणाले.

तिथून माझं ताट वेगळं झालं. तुम्हाला वाटेल, ताटाचं काय एवढं? पण तुम्ही माझ्या आईच्या पंगतीला बसून बघा. आई मंगळवेढ्याकडची, खाऊ घालणं हीच तिची माया. शैलाच्या पुरणपोळीवर तुपाची धार, माझी पोळी कोरडी. शैलाच्या शेंगाचटणीवर तेल, माझ्या ताटाशी येताना वाटी परत फिरायची. "तुला नगं गं बाई," म्हणायची, आणि लगेच तिकडं वळून, "खा गं शैले, तुला काय हुतंय? तुझं हाड आमच्याकडचं हाय." शैला खायची. हसत, बोटं चाटत. आणि अंगाला काही लागायचं नाही! वळसंगच्या शाळेत ती शिक्षिका. पोरांना लेझीम शिकवायची, स्वतः त्यांच्या पुढं नाचायची. लग्नकार्यात फोटोला उभ्या राहिलो की मी आपोआप मागच्या रांगेत जायची. एकदा माझा नवरा सहज बोलून गेला, "शैलाला बघ, वय कळतंय का तिचं?" सहजच बोलला तो. मला मात्र ते आजही, कपडे वाळत घालताना वगैरे, मध्येच आठवतं.

मी तिला सांगितलं नाही.

विसरले म्हणावं, तर विसरले नव्हते. रोज सकाळी गोळी घेताना डॉक्टरांचं वाक्य आठवायचं. आधी म्हटलं, तिची पोर ऋतुजा लहान आहे, उगाच घोर लागेल. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग काही म्हणायचंही सोडलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःशी एक कारण धरून होते — तिनं तपासलं आणि तिचा रिपोर्ट चांगला आला, तर? मला ते बघवलं नसतं. ती हसत घरी येणार, आई तिची दृष्ट काढणार, आणि मी पुन्हा त्या कोरड्या पोळीपुढं. हे कारण काही चांगलं नाही, पण माणसाचं आहे. सांगायची वेळ आली तर एवढंच सांगायचं, असं ठरवलं होतं.

पण तेही खरं नाही. म्हणजे, अर्धंच खरं.

वेळ अमावस्येला आम्ही सगळे वळसंगला शैलाच्या सासरच्या शेतात गेलो होतो. ज्वारी कमरेच्या वर आलेली. पूजा झाली, भज्जी-आंबील झालं, माणसं सावलीला आडवी झाली. आम्ही दोघी मोटारीच्या पाण्यावर पाय धुवायला गेलो. तिनं साडी वर खोचली, एक पाय दगडावर ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून चिखल चोळायला लागली.

मला तिची टाच दिसली.

बाबांची टाच. तोच फुगवटा, त्याच जागी. गोऱ्या कातडीवर आणखीच ठसठशीत.

"हे बघ की अक्का," तीच म्हणाली, "शाळेचे बूट चावतात वाटतं. किती दिवस झाले, जातच नाही." मग पाय चोळता चोळता थांबली. "तुझं ते कोलेस्टेरॉलचं — मलापण तपासायला पाहिजे का गं?"

पाणी जोरात पडत होतं. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण मला तर नीट ऐकू आलं होतं, नीट दिसलंही होतं. माझी टाच चिमटीत धरणारे डॉक्टर मला आठवले. म्हणजे मला कळलं होतं. संशय नाही — कळलं होतं.

आणि मला काय वाटलं असेल? भीती वाटायला हवी होती ना? सख्खी बहीण. बाबा कसे गेले ते दोघींनी बघितलेलं.

मला आनंद झाला.

अगदी पोटातून झाला. हिलाही आहे, आणि हिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, फक्त मला. इतकी वर्षं तिच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं. आता पहिल्यांदा उलटं झालं होतं. ते सांगून टाकायचं? हातचं घालवायचं?

"तुला कशाला?" मी म्हणाले. "तू आईवर गेलीस की. बूट बदल."

तिनं खरंच बूट बदलले.

आणखी एक आहे, तेही सांगते. त्यानंतर माझा जळफळाट बराच निवला. तिच्याशी मी बरी वागायला लागले. आईच्या घरी जेवायला बसलो की तिच्या पोळीवर तूप मी स्वतः वाढायची. आईला किती बरं वाटायचं — "आता कशा शाण्यासारक्या ऱ्हाताय गं दोघी."

दोनेक वर्षं अशी गेली. मग एके सकाळी शाळेत, प्रार्थना चालू असताना, शैला रांगेसमोरच खाली बसली. बरोबरच्या शिक्षकांनी गाडीत घालून सोलापूरला आणलं, म्हणून वाचली. मी ऑफिसातून धावतच गेले. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, त्यांनी चादर बाजूला करून तिचे पाय बघितले. "ही गाठ कधीपासूनची? घरात कुणाच्या नजरेला नाही आली?"

शैला हसली. नाकात नळी, तरी हसली. "माझ्या टाचेकडं कोण बघतंय, डॉक्टर?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. चादर ओढून तिचे पाय पुन्हा झाकले.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तिथंही मी जळले. आई तिच्या उशाशी बसून सारखा कपाळावरून हात फिरवत होती. मनात आलं, हेच दुखणं मी इतकी वर्षं अंगावर वागवतेय, माझ्या कपाळावर कुणाचा हात आला? तिचं हृदय अर्धं निकामी झालं होतं, आणि मी हे मोजत होते.

आता शैला जिना एका दमात चढत नाही. मध्ये थांबते, कठड्याला धरून उगाच खाली बघितल्यासारखं करते. पोरांची लेझीम ती खुर्चीत बसून शिकवते, टाळ्या वाजवून ताल धरते.

ऋतुजाला मी तपासायला घेऊन गेले. तिचाही आकडा वाढलेला निघाला. कॉलेजात शिकणारी पोर, पण वेळेवर गोळी सुरू झाली. त्या संध्याकाळी शैला माझ्याकडं आली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आधी थोडा दम घेतला, मग माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरले होते. "अक्का, तू होतीस म्हणून पोरीचं वेळेत कळलं. मला कुणी सांगणारं नव्हतं, तिला तू तरी आहेस."

"असू दे गं," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. हात तिच्या हातात तसाच राहू दिला.