चालू प्रेसपुढचा फोटो

नीलाचा फ्लॅश उद्या सकाळी नको त्या क्षणी उडाला तर काय होईल, हा विचार मी संध्याकाळपासून बाजूला सारते आहे, आणि तो हटत नाही. ती आत झोपली आहे. तिनं तिची बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

नीला माझी मोठी मुलगी, चोवीस वर्षांची. चिंचवड स्टेशनजवळ एका लहान गाळ्यात तिचा फोटो स्टुडिओ आहे. बासष्ट साली आम्ही परभणीकडून इथं आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. तिचे वडील साहेबराव एका कंपनीत पत्रा कापायची प्रेस चालवायला लागले, मी बी.ए. असल्यानं शाळेत. नीला बी.एस्सी. झाली तेव्हा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी स्वतः आणून ठेवला होता. तिनं तो भरलाच नाही. ती कामगारांच्या गेटपासचे फोटो काढू लागली.

गेटपासवर सगळे चोर दिसतात, असं कामगार आपसात म्हणायचे. ते नीलाच्या मनाला लागलं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो, म्हणून चेहरा पत्र्यासारखा सपाट येतो, असं तिनं मला समजावलं होतं. उजेड बाजूनं आला तर नाक, गाल, कपाळावरच्या रेषा दिसतात. पण बाजूच्या फ्लॅशला वायर लागते आणि वायरीत माणसं अडखळतात. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बबनरावांच्या दुकानात महिनाभर बसून तिनं दुसऱ्या फ्लॅशला एक डोळा बसवून घेतला. हरभऱ्याएवढा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की तो उजेड या डोळ्याला दिसतो आणि त्याच क्षणी लांबचा फ्लॅशही उडतो. वायर नाही, काही नाही.

त्या उजेडात तिनं पहिला फोटो काढला तो एका कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या यशोदाबाईंचा. त्यांनी फोटो पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आता हा सुनेच्या डोळ्यांसमोरच टांगते."

त्या फोटोमुळेच हे काम आलं. पिंपरीच्या एका कंपनीत सुरक्षा सप्ताह आहे. दहा वर्षांत ज्यांना एकही अपघात झाला नाही, अशा दहा जणांचे मोठे फोटो गेटवर लागणार आहेत. साहेबरावांनी त्यांच्या स्टोअरमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय की पोरीचं काम गेटवर लागणार. आज ते तिसऱ्या पाळीला गेले तेही गुणगुणत. मी त्यांना मंगळवारची गोष्ट सांगितलेली नाही.

मंगळवारी नीला तिथं जागा पाहायला गेली होती. उद्याचा पहिला फोटो हिंदुरावांचा, पॉवर प्रेसवर. तिनं मशीन थांबवायला सांगितलं, तर ते म्हणाले, "बंद मशीनम्होरं बसलेला माणूस संपावर गेल्यावानी दिसतो, ताई. गावाकडं फोटो जायचाय माझा. चालू असतानाच काढा." सुपरवायझर उद्धवरावांनीही मान डोलावली. त्यांनाही उत्पादन थांबवायचं नव्हतं. मग नीलानं अंदाज घ्यायला फ्लॅश प्रेसच्या बाजूला स्टँडवर उभा केला आणि ती कॅमेरा काढायला वळली. तेवढ्यात पलीकडच्या शेडमध्ये वेल्डरनं ठिणगी पाडली. त्या डोळ्याला कुठला उजेड कुणाचा, हे काय कळणार? फ्लॅश हिंदुरावांच्या तोंडावर उडाला.

"तुमच्या दिव्याला लई घाई," ते हसून म्हणाले. नीलानं ही गोष्ट घरी विनोद म्हणून सांगितली. धाकटा भिवा हसला, मीही हसल्यासारखं केलं.

त्या वेळी हिंदुरावांचा हात प्रेसच्या बाहेर होता, एवढंच. प्रेसवर माणूस डाव्या हातानं पत्रा आत सरकवतो, उजव्या हातानं तयार तुकडा काढतो आणि पायानं पायडल दाबून वरचा साचा खाली आदळवतो. मिनिटाला पंधरा-वीस वेळा. हात निघाला की पाय पडतो, हे डोक्यानं नाही, सवयीनं होतं. अशा वेळी डोळ्यांपुढं पांढरं झालं, माणूस दचकला, तर पाय आधी पडेल की हात आधी निघेल? अडुसष्ट साली साहेबराव फक्त कुणीतरी हाक मारली म्हणून वळले होते. तेव्हापासून ते स्टोअरमध्ये आहेत, आणि त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. जेवताना भात सांडतो, आणि आम्ही कुणी तिकडं पाहत नाही.

आज जेवणं झाल्यावर मी नीलाला म्हटलं, मशीन बंद करायला लाव, नाहीतर तो फ्लॅश नेऊ नकोस. तिनं मला काळ्या कागदाची नळी दाखवली. ती डोळ्याभोवती लावली की फक्त समोरचा उजेड आत जाईल.

"आणि वेल्डर समोरच आला तर?" मी विचारलं.

तिनं नळी गुंडाळून बॅगेत टाकली. मग म्हणाली, "तू घाबरतेस म्हणून दर वेळी मीच थांबायचं का, आई?"

मी तिला पवनेत पोहायला जाऊ नको म्हटलं होतं, एकटीनं गाळा घेऊ नको म्हटलं होतं, रात्रीच्या लग्नांची कामं नको म्हटलं होतं. त्या सगळ्या भीत्या फुकटच्या निघाल्या. त्यामुळे ही एक खरी आहे, हे तिला पटवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

मी तक्रार केली तर तिच्या हातचं हे काम जाईल. पुढं कुठली कंपनी तिला बोलावणार नाही. बाईमाणूस, त्यात आईनं फोन करून थांबवलेली. ती माझ्याशी वर्षानुवर्षं बोलणार नाही, हेही दिसतं आहे. पण मी गप्प बसले तरी माझी मुलगी कॅमेऱ्याच्या काचेमागे सुखरूप असेल. हात हिंदुरावांचा असेल, आणि हिंदुरावांना कुणी काही सांगितलेलं नाही. आपल्या तोंडाजवळ जे ठेवलंय ते वेल्डिंगनंही उडतं, हे त्यांना ठाऊकच नाही. ते तर हसले.

पहिली पाळी सातला लागते. उद्धवराव साडेसहाला येऊन बसतात, असं नीलाच म्हणाली होती. खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंचे यजमान डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे फोन आहे. सहाला नीलाला उठवून आधी तिला सांगेन. ती रडेल, भांडेल. मग खाली जाऊन कंपनीचा नंबर लावेन आणि उद्धवरावांना माझं नाव सांगून म्हणेन, फोटो होईपर्यंत प्रेसची वीज बंद ठेवा.