पाच घरांचा नेम

मोठ्या संस्थेसाठी निधी जमवायची बिनपगारी इंटर्नशिप घेतली, तेव्हा बाकी सगळी मुलं विशीतली आणि प्रतिमाताई एकट्याच चोपन्नच्या. नवऱ्याच्या, वामनरावांच्या बदलीमुळे दोघं चंदीगडला आलेली, मुलगा बेंगळुरूला, घर खायला उठायचं. पण आठवडा सरत आला तरी त्यांच्याकडे देणगीचा एकही फॉर्म भरून आला नव्हता. शनिवारपर्यंत पाच झाले नाहीत, तर नाव कमी होणार होतं.

"आंटीजी, बस स्क्रिप्ट बोल दो," टीमप्रमुख गुरलीन सांगायची. पण ते पाठ केलेलं इंग्रजी आठवलं की प्रतिमाताई फाटकातूनच मागे फिरायच्या.

"दर नवरात्रात पाच घरी जोगवा मागतेस," वामनराव म्हणाले. "तेव्हा बरी लाजत नाहीस!"

शनिवारी पहिल्याच बंगल्याच्या दाराशी त्यांनी सवयीनं चपला काढल्या, पदर पुढे घेतला. "बहनजी, अपने लिए नहीं, बच्चों की पढ़ाई के लिए माँगती हूँ."

दारातल्या सरदारीणबाईंनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "चप्पल क्यों उतारी जी?"

"देवी के नाम से ऐसेही माँगते हैं हम."

"फिर बाहर क्यों खड़े हो? अंदर आओ, चाय पियो."

चहा झाला, फॉर्म भरला आणि त्या बाई शेजारणीकडे स्वतः सोबत आल्या.

चार वाजता गुरलीनचा फोन आला. "आंटीजी, पाच हो गए? कमाल! अगली गली भी कर लो ना."

"आज नहीं, बेटा," चपला घालत प्रतिमाताई म्हणाल्या. "एक दिन में पाँच ही घर. कल फिर पाँच."