दोन उभ्या, खाली एक आडवी

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी आई बस्तरमधल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या कुटुमसर गुहेत उतरली. तिचे वय एकाहत्तर आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्या गुडघ्याला पट्टा. गुहेत ती पन्नास मिनिटे होती.

कारण एकच होते. माझे वडील सोलापुरात मागावर चादरी विणत. कारखाना बंद पडल्यावर काही हिवाळे ते चादरींचे गठ्ठे घेऊन बस्तरात फेरीला जात. एका फेरीत ते ही गुहा पाहून आले आणि आईला म्हणाले, "तितं आपली खूण टाकून आलोय. तुला दाखवीन एकदा." ही खूण विणकराची. कोणती चादर कोणी विणली हे कळावे म्हणून त्यांच्या कारखान्यात प्रत्येक जण काठाच्या आत स्वतःची निशाणी घालत असे. वडिलांची निशाणी होती दोन उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली एक आडवी.

चार वर्षांपूर्वी ते गेले. दाखवणे राहिले.

यंदा डॉक्टरांनी डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, आधी एक ठिकाण बघून येते. मी म्हटले, ऑपरेशननंतर जाऊ, नीट दिसेल. "आन् न्हाई दिसलं तर? आत्ता निम्मं तरी दिसतंय की," ती म्हणाली.

सोलापूरहून हैदराबादपर्यंत रेल्वे, पुढे जगदलपूरपर्यंत बस. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बसमध्ये शेजारच्या बाईंशी आई तेलुगूत बोलू लागली. बाईंनी हसत विचारले, हे तेलुगू कुठले? आईने सांगितले, सोलापूरच्या भवानी पेठेतले, विणकरांच्या घरचे. मग मला मराठीत म्हणाली, "हसू दे. कळतंय न्हवं तिला?"

जगदलपूरच्या बाजारात एका दुकानापुढे 'सोलापुरी चादर' अशी पाटी होती. आईने थांबून एका चादरीचा काठ अंगठा आणि बोटात धरून फिरवला. डोळे तिने दुकानदाराकडे ठेवले होते. चाळीस वर्षे तिने वडिलांचे कापड असेच तपासले. सुटलेला धागा तिला बोटांना कळतो. "ही आपली न्हवं," ती म्हणाली आणि चालू लागली.

पुढे एक बाई दोन्यात (पानाच्या द्रोणात) चापडा (लाल मुंग्यांची चटणी) विकत होती. मी चाखली, आंबट आणि तिखट. आईने द्रोण परत केला. "मुंग्यांना साखर घालायची असती गं. खायच्या असत्यात व्हय?"

उद्यान जगदलपूरपासून तासाभराच्या आत आहे. फाटकावर जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या सुखराम, पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. वाटेत साल आणि सागाचे जंगल, मध्ये चुनखडीचे करडे खडक, पावसाने भोके पडलेले. सुखरामकडे स्वतःची वही होती. आत जाताना एक सही, बाहेर येताना एक. माणसे मोजून आणायची त्याची ही पद्धत. आईने सावकाश पूर्ण नाव लिहिले.

तोंड अरुंद आहे. लोखंडी पायऱ्यांवरून आई बसून, एकेक पायरी सरकत उतरली. खाली हवा दमट आणि उबदार होती. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे खांब सुखरामच्या कंदिलाच्या उजेडात ओले दिसत होते. डबक्यापाशी सुखरामने सांगितले की इथल्या माशांना दिसत नाही. आई म्हणाली, "बरं हाय. मोतीबिंदूची भानगड न्हाई."

वडिलांनी सांगितलेला पत्ता तिला पाठ होता. उतरल्यावर डावीकडे, चुण्या पडलेल्या पडद्यासारखा दगड, कमरेएवढ्या उंचीवर. असा दगड होता. त्याच्याजवळ पोचताच आईचा अंगठा आणि बोट चुणीकडे गेले.

"अम्मा, हाथ नहीं!" सुखराम ओरडला. हाताचे तेल लागले की तिथे दगड वाढायचा थांबतो, असे त्याने समजावले.

मी त्याला येण्याचे कारण सांगितले. तो म्हणाला, "ग़लत किया था उन्होंने."

"तेवढं एकच गैर केलं त्यांनी," आई मला म्हणाली. "सांग त्याला."

मी सांगितले. त्याने कंदील कमरेच्या उंचीवर धरला. तिथे पांढरा, गुळगुळीत थर होता. त्यावर पाणी ठिबकत होते. रेघ एकही नव्हती.

आईने सोलापुरी हिंदीत विचारले, "किसीने घिसा-बिसा तो नै ना?"

"नहीं, अम्मा. पानी टपकता है, चूना चढ़ता है. नीचे जो है, नीचे ही रहता है." मग त्याने जोडले, "लेकिन यहीं था, ये मैं नहीं बोल सकता."

"एक उंगली लगाऊँ? एकच."

"नहीं, अम्मा."

आईने तळहात उघडून दगडासमोर धरला. दगड आणि हात यांत चार बोटांचे अंतर होते. ती तशीच उभी राहिली. सुखरामने कंदील हलवला नाही. मागून दुसरा गट आला, त्याला त्याने हातानेच थांबवले. काही वेळाने आईने हात पदराला पुसला, तो कोरडाच होता, आणि म्हणाली, "चल."

वर आल्यावर सुखरामने वही पुढे केली. आईने सही केली. त्याने ती पाहिली, पुन्हा एकदा पाहिली आणि वही मिटली.

मंगळवारी दुपारी आम्ही सोलापूर स्टेशनवर उतरलो. सात रस्ता चौकात रिक्षा अडकली, घरी पोचायला अर्धा तास लागला. शेजारच्या कमलाबाई दारातच उभ्या होत्या.

"घावली का गं खूण?"

"हाय तितं," आई म्हणाली. "वरनं दगड चढलाय."

याला पुरावा नाही. गुहेतल्या त्या दगडाच्या माझ्या तीन फोटोंत पांढरा थर दिसतो. चौथा फोटो सुखरामच्या वहीचा आहे. तो मी त्याला विचारून, निघताना काढला. आत जातानाच्या रकान्यात आईचे पूर्ण नाव आहे. बाहेर येतानाच्या रकान्यात दोन उभ्या रेघा आहेत, खाली एक आडवी.