जरा परिस्थिती निवळू दे

माझा प्रबंध एका छोट्या ब्रिटिश वसाहतीवर होता. आजूबाजूच्या देशांत बंडं पेटलेली असताना तिथल्या लोकांना निवडून दिलेलं विधिमंडळ द्यावं की नाही, एवढाच प्रश्न. गव्हर्नर त्यावर वर्षानुवर्षं शेरे मारत बसला होता. शेरा एकच: आत्ता नको, परिस्थिती निवळू दे.

२०२० मध्ये कोरोनामुळे लंडनचं अभिलेखागार बंद झालं, तेव्हा माझ्याकडे फक्त साहेबांच्या कागदांचे फोटो होते. विधिमंडळ मागणाऱ्या लोकांचे अर्ज नंतर बघू म्हणून राहिले ते राहिलेच. मग परदेशातल्या टॅला नावाच्या उपनगरात, भाड्याच्या खोलीत मी आणि तो गव्हर्नर. दुसरं माणूस नाही.

बाबा कोल्हापूरला एकटे. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे रोज फोनवर माझी उलटतपासणी. एकदा मी म्हटलं, "तसं बघितलं तर गव्हर्नरचं चुकत नव्हतं, बाबा. शेजारी आग लागलेली असताना..."

"शेजारी आग लागली म्हणून आमची चूल विझवायची व्हय? अगं, तू त्या साहेबासारखं बोलायला लागलीस की!"

मला असा राग आला! कारण बरोबर होतं त्यांचं. वर्षभर एकाच बाजूचं वाचलं की दुसरं काय होणार?

जानेवारीत ते म्हणाले, "येऊन जा की गं एकदा. बघावंसं वाटतंय." तिकिटं मिळत होती. पण परत येता येईल का, व्हिसाचं काय, प्रबंधाचं एक प्रकरण अर्धवट आहे... मी म्हटलं, "जरा परिस्थिती निवळू दे, बाबा."

ते पलीकडे हसले. "बरं, गव्हर्नरसाहेब. अर्ज फाईलला लावतो."

मे महिन्यात कोल्हापूरहून शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबांना दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरमालकीण दाराशी सूप ठेवून म्हणाली, "यू विल बी ग्रँड." म्हणजे तिच्या भाषेत, होशील तू ठीक. कसलं डोंबलाचं ग्रँड! मी ते सूप प्यायले आणि ओक्साबोक्शी रडले.

ऑगस्टमध्ये लोक पुन्हा प्रवासाला निघायला लागले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्क्रीनवर विचारलं, "मग शेवटी तुझं मत काय? गव्हर्नरनं थांबायला नको होतं?"

"परिस्थिती निवळली हो," मी चक्क मराठीतच म्हणाले, "पण मागणारं माणूस उरलं नाही."

त्यांना मराठी काही कळलं नाही. इंग्रजीत परत सांग म्हणाल्या.